छताखालची मानसी

जोगेश्वरीच्या त्या मराठी शाळेत यंदा पैसे एकाच कामापुरते होते. पाचवीच्या वर्गात छताचा गिलावा कोसळला होता. नशिबाने मुलं मैदानावर होती. मुख्याध्यापिका वसुधाताईंनी छत निवडलं आणि ऐकू न येणाऱ्या तीन मुलांना खुणांनी शिकवणाऱ्या रुचिराबाईंना निरोप दिला. त्यानंतर आठवडाभर त्यांना जेवण गोड लागलं नाही.

एका दुपारी पाचवीवरून जाताना त्या दारातच थबकल्या. फळ्यापाशी विज्ञानाचा तास चालला होता. मागच्या बाकापाशी शाळेच्या शिपाई द्रौपदी घाडी, सगळ्यांच्या मावशी, त्या तिघांपैकी एक असलेल्या मानसीसमोर उकिडव्या बसल्या होत्या. त्यांची मूठ छातीवर उघडत होती, मिटत होती. मग बोटं खांद्यावरून मनगटापर्यंत धावली आणि परत छातीशी आली. मानसीने हातांनीच काहीतरी विचारलं. मावशींनी क्षणभर विचार करून उत्तर दिलं, तशी पोर खुदकन हसली.

रक्ताभिसरण! देवगडहून आलेली सातवी पास बाई. एकोणीस वर्षं त्यांच्या हातचा चहा आपण पितोय, आणि या हातांत काय आहे ते आपल्याला ठाऊकच नाही. तास संपताच वसुधाताई मागच्या बाकापाशी गेल्या.

"मावशी, कुठे शिकलात हे?"

"दाराकडे बसान. चार वर्षां बघतंय मी रुचिराबाईंका. घराकडे आरशासमोर करतंय."

"मग आता तुम्हीच बसा ना वर्गात!"

"नाय हां, बाई," मावशी ताडकन म्हणाल्या. "गणित इला की मी गप. पोरीचा नुकसान होताला. रुचिराबाईंका परत आणा. तोपर्यंत मी सांभाळतंय."

शाळा समितीच्या बैठकीला वसुधाताई मावशींना आणि मानसीला घेऊन गेल्या. "भावना ठीक आहेत हो, पण पैसे कुठून आणायचे?" खजिनदार श्यामसुंदर सामंत म्हणाले. मानसीचे हात भराभर हलले. मावशींनी जमेल तशा शुद्ध भाषेत सांगितलं, "ही विचारते, छत नीट झालं, आता त्याच्याखाली बसून मी काय करू?"

सामंतांनी खर्चाची यादी पुढे ओढली. मग स्वतःच स्नेहसंमेलनाच्या मंडपावर आणि रोषणाईवर काट मारली.

रुचिराबाई आता आठवड्यातून तीन दिवस येतात. उरलेल्या दिवशी मानसीजवळ मावशी असतात. त्या दिवशी तासांची घंटा वसुधाताई स्वतः देतात, मावशींना मधेच उठावं लागू नये म्हणून.