तात्यांनी बसून पारखलेला कमोड

कोन गावच्या तात्यांनी आपल्या घराची वरची खोली वाल्मीक आणि चंपाला भाड्याने दिली, तेव्हा त्या दोघांचा ओमकार रांगत होता. आता तो अंबाडीला संसार थाटून बसलाय. वाल्मीक वळ गावच्या गोदामात ड्युटीला गेला की चंपा खाली येऊन तात्यांच्या बायकोबरोबर, सुमतीकाकूंबरोबर, भाजी निवडायची. काकूंना डोळ्यांनी कमी दिसायला लागल्यापासून मेथीतल्या अळ्या चंपाच बघायची.

तर काय झालं, चंपाचे गुडघे धरले. वरची मोरी म्हणजे शहाबादी फरशी, कोपऱ्यात शेवाळ आणि उकिडवं बसायचा जुना संडास. एके दिवशी ती म्हणाली, "तात्या, खाली बसलं का उठवत न्हाय. पोरगा बोलावतोय, तिकडं कमोड हाय. आम्ही जातो."

काकूंचा हात मेथीतच थांबला. तात्या ताडकन उठले. "जातेस कुठं? कमोड मी आणतो!"

आणि आणला की! भर दुकानात, रस्त्याकडे तोंड करून तात्या एकेका कमोडवर बसून बघायला लागले. दुकानदार म्हणाला, "चाचा, ये बैठके नहीं लेते."

"खाट लेटके देखते हैं ना? फिर?"

तात्यांच्या तंगड्या लांब, त्यांना सगळ्यात उंच तोच पसंत पडला. मिस्त्रीने शहाबादी उखडली, टाइल्स लावल्या, कमोड पक्का बसवला. चंपा आत गेली. बाहेर तिघंही दाराला कान लावून.

"कसा हाय गं?" वाल्मीकने विचारलं.

"पाय लोंबतात!"

तात्यांचा चेहरा पडला. चंपा जेमतेम त्यांच्या खांद्याला लागते, पण दुकानात आठवलं कुणाला?

"अंबाडीचा कमोड बुटका हाय," ती आतून म्हणाली.

वाल्मीक हसू दाबत म्हणाला, "तात्या, आता तुमच्या मापाची भाडेकरीण शोधा."

मिस्त्री म्हणाला, काढायला गेलो तर फुटेल. "मग जमीन वर घे!" तात्या कडाडले. उरलेल्या टाइल्स लावून कमोडपुढे पायरीएवढा ओटा बांधला. तो वाळेपर्यंत काकू चंपाशी एक अक्षरही बोलल्या नाहीत. जाणाऱ्या माणसाशी काय बोलायचं!

चंपा पुन्हा आत गेली. मग दार उघडून म्हणाली, "हितं धरायला एक दांडी ठोका. आणि ओमकारला तुम्हीच सांगा. माझ्यावर चिडंल तो."

तात्यांनी तिथंच फोन लावला. "ओमकार, आई न्हाय येत रे तिकडं. रविवारी तुम्हीच या जेवायला."