शुक्रवारची सुट्टी

आमच्या आंधळगावच्या राइस मिलमध्ये धान उकडायच्या भट्टीवर काम करणारा रेडिओभाऊ शेजारच्या देशांच्या सुट्ट्या तोंडपाठ सांगायचा. इकडे भट्टी धगधगायची, तिकडे त्याच्या रेडिओवर कधी काठमांडू, कधी लाहोर, कधी सिलोन खरखरायचं. "नेपाळात शनिवारी बंद, पाकिस्तानात शुक्रवारी. अन् लंकेत त दर पुनवेले सुट्टी! आपल्या मालकाचा देश कोनता, दिवाणजी?" मी मिलचा दिवाणजी. हसण्यापलीकडे माझ्या हाती काही नव्हतं.

आमची सुट्टी रविवारची. इतर दिवशी खाडा केला की मालक भट्टीवर दुसरा माणूस उभा करी. भाऊची बायको शेवंता क्षयाने नागपूरच्या दवाखान्यात होती. तिच्या भावाने नेऊन भरती केलं होतं. तिथे भेटीचा वार शुक्रवार.

"पाकिस्तानात असतो त दर शुक्रवारी भेटलो असतो तिले," असं तो एकदा चहाच्या टपरीवर बोलून गेला. तेवढ्यावरून गावाने त्याला 'पाकिस्तानी' करून टाकलं. "काय बे, बिस्तरा बांधला का लाहोरचा?" पोरं विचारायची. "मंग भट्टीवर कोन बसंल? तुया बाप?" तो म्हणे. गावात अजूनही त्याचं नाव तसंच निघतं, म्हणून खरं काय ते लिहितो आहे.

मी मालकाकडे शब्द टाकून पाहिला. "आज त्याले सोडलं त उद्या सारेच बायकोले भेटाले जातील," मालक म्हणाले.

रविवार सोडून मिल बंद राही ती पंधरा ऑगस्टला, आणि त्या वर्षी तो शुक्रवारी आला. कॅलेंडरात तो मीच पाहिला आणि धावत भट्टीवर जाऊन सांगितला. भाऊने मुरमुऱ्याचे लाडू बांधून घेतले. सोबत मीही निघालो.

दवाखान्याच्या फाटकावर चौकीदार म्हणाला, "आज झंडे की छुट्टी है. मुलाकात बंद. अगले शुक्रवार आना."

मी त्याच्या हातापाया पडलो. भाऊ वरच्या खिडक्यांकडे पाहत राहिला. त्यातली तिची कोणती, हे त्याला ठाऊक नव्हतं. लाडू चौकीदाराच्याच पोरांसाठी देऊन आम्ही परतलो.

एसटीत भंडारा मागे पडल्यावर तो बोलला, "तिले सांगू नोका, दिवाणजी, आपण येऊन गेलो म्हनून. उगाच रडंल, खोकला वाढंल."

पुढच्याच महिन्यात तिच्या मरणाची खबर आली. तो बुधवार होता. मालकांनी त्याला न मागता सुट्टी दिली.