तिला विचारावं लागलं

ही हकिकत मी आजवर आमच्या फादरांखेरीज कुणाला पूर्ण सांगितलेली नाही. देवाने माझ्यावर केलेली कृपा सांगायची, तर आधी माझं पाप सांगावं लागतं, आणि तिथेच जीभ अडते. पण आता वय झालं. जे मिळालं ते आपल्यापाशीच दडवून ठेवणं हीसुद्धा एक प्रकारची चोरीच, असं वाटायला लागलंय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मरोळच्या गावठाणात आमचं घर होतं. दारासमोर खुरूस, म्हणजे आमचा दगडी क्रूस, मागे विहीर, आणि विहिरीपलीकडे, जिथे सासरे भात लावायचे, तिथे कारखान्यांच्या भिंती उभ्या राहत होत्या. नवरा जहाजावर नोकरीला, त्यामुळे घरात मी आणि सासूबाई दोघीच. त्या वर्षी मला तिसऱ्यांदा दिवस गेले होते. आधीची दोन्ही मुलं पोटातच गेली होती. मी रोज संध्याकाळी सासूबाईंसोबत रोझरीच्या जपाला बसायची, रविवारी चर्चमध्ये मिस्साला जायची, गायकवृंदात गायची. ओठ हलत होते, पण आत काही पोचत नव्हतं. भिंतीशी बोलल्यासारखं वाटायचं. देव ऐकत नाही अशी माझी तक्रार होती. तो का ऐकत नाही हे मला ठाऊक होतं, आणि ते मी कबूल करत नव्हते.

कारण सुलभा होती. सुलभा मालवणकडची, नवरा लवकर वारलेला, मूलबाळ नाही. आमच्या मागच्या खोलीत ती पाच वर्षं भाड्याने राहत होती आणि स्टेशनकडच्या एका प्रसूतिगृहात दाईचं काम करायची. ती हिंदू, आम्ही ख्रिस्ती, पण नाताळच्या करंज्या आम्ही एकाच परातीत भरल्या आणि तिच्या गणपतीचे मोदक मी वळले. दुसऱ्या वेळी माझं मूल गेलं तेव्हा मी आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडले होते. तेव्हा मला न्हाऊ घालणारी, पेज भरवणारी, काही न बोलता पायाशी बसून राहणारी सुलभाच होती. मला सख्खी बहीण नाही. ती उणीव मला तिच्यामुळे कधी जाणवली नाही.

माझा तिसरा महिना चालू असताना एका दुपारी तिने दार लोटलं, पोलक्याची बाही वर केली आणि मला दंडाजवळचा एक फिकट चट्टा दाखवला. "इथे चिमटा काढ," म्हणाली. मी काढला. तिला कळलाच नाही. डॉक्टरांनी कुष्ठरोग सांगितला होता. सुरुवातीचा आहे, नव्या गोळ्या निघाल्यात, त्या नेमाने घेतल्या की पूर्ण बरी होशील, आणि गोळ्या सुरू झाल्यावर दुसऱ्याला लागण होत नाही, असं त्यांनी तिला नीट समजावलं होतं. कामावर जायला हरकत नाही असंही ते म्हणाले होते. "फक्त तुला सांगितलं, बाय. कुणाला बोलू नको गं. लोकांना रोग कळत नाही, नाव तेवढं कळतं."

मी तिच्या गळ्याची शपथ घेतली, आणि त्याच रात्री सासूबाईंना सांगितलं. पुढच्या आठवड्यात सासूबाईंनी तिला खोली रिकामी करायला सांगितली. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते. मला सगळं ऐकू येत होतं, तरी मी बाहेर आले नाही. एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ सासूबाईंकडे बोट दाखवता आलं असतं. पण चौथ्या महिन्यात मी तपासणीला प्रसूतिगृहात गेले आणि तिथल्या मोठ्या नर्सला हळूच म्हणाले, "माझ्या वेळेला ती सुलभा नको हं. तिच्या अंगावर चट्टा आहे." त्या एका वाक्याने सुलभाची नोकरी गेली. ती साकीनाक्याच्या टेकडीवर कुठल्याशा झोपडीत राहायला गेल्याचं कानावर आलं. भांडायला ती कधी आली नाही. आली असती तर मला बरं वाटलं असतं.

मी स्वतःला समजावत राहिले, की पोटातल्या जिवासाठी हे करावं लागलं. आईने नको का काळजी घ्यायला? पण रोझरीचे मणी ओढताना "आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो" इथे आले की माझी जीभ जड व्हायची. मी तर सुलभाचीच अपराधी होते. ती मला क्षमा करील का, हे विचारायची हिंमत नव्हती, म्हणून मी देवाशीही बोलेनाशी झाले.

नववा महिना लागून दोन आठवडे झाले होते. त्या दिवशी कसला तरी बंद होता. सकाळपासून एक रिक्षा रस्त्यावर नव्हती, दुकानांची शटरं खाली, आणि नाक्यावर दगडफेक चालू असल्याचं लोक सांगत होते. दुपारी बाराच्या सुमारास मी ताटं मांडत होते आणि एकदम अंगावरून पाणी गेलं. कळा इतक्या भराभर सुरू झाल्या की मला खाटेपर्यंत जाता येईना. सासूबाईंनी जमिनीवर गोधडी घातली. शेजारचा फ्रान्सिस सायकल काढून ॲम्ब्युलन्स मिळते का पाहायला गेला. त्याची बायको पाणी तापवायला बसली, पण तिलाही बाळंतपणातलं काही कळत नव्हतं. गावठाणातली म्हातारी दाई आदल्या वर्षीच वारली होती. सासूबाई खुरसाकडे बघत मोठ्याने प्रार्थना म्हणत होत्या. त्यांचा आवाज कापत होता, आणि तो ऐकून माझी भीती आणखी वाढत होती. मला एवढंच कळत होतं, की हेही मूल जाणार. आणि मनातून एक थंड आवाज सांगत होता, की जाणारच, तू केलंस ते असंच फेडावं लागणार. तो आवाज देवाचा नव्हता हे मला आज कळतं. तेव्हा मात्र तोच खरा वाटत होता.

एक तास गेला असेल. फ्रान्सिसचा पत्ता नव्हता. तेवढ्यात फ्रान्सिसची बायको पाण्याचं भांडं घेऊन आत आली आणि सासूबाईंना म्हणाली, "मावशी, ती सुलभा बाहेर खुरसापाशी उभी आहे. मघापासून आहे. आत ये म्हटलं तर येत नाही."

तिला कुणीही बोलावलं नव्हतं. मी हे पुन्हा सांगते, कारण पुढे कित्येकांनी मला विचारलं. तिच्याकडे निरोप घेऊन जाणारं त्या दिवशी कुणी नव्हतं. सासूबाई उठल्या. गुडघ्यांनी अधू बाई, पण त्या तरातरा दारात गेल्या आणि मला त्यांचे शब्द ऐकू आले. "सुलभा, मी तुला बाहेर काढलं. आता मीच म्हणते, आत ये. पोरगी मरेल गं."

सुलभा आत आली. तिने माझ्याकडे आधी पाहिलंच नाही. साबण मागितला, कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले. ब्लेडचं नवं पातं आणि दोरा उकळत्या पाण्यात टाकायला लावला. मग माझ्याजवळ गुडघ्यांवर बसली आणि हात तसेच हवेत धरून म्हणाली, "हात लावू ना?"

मी मान हलवली. त्यात माझा काही मोठेपणा नव्हता. कळाच अशा होत्या की कुणीही चाललं असतं. पण तिचा हात पोटावर टेकला आणि मला पाच वर्षांची ओळख पटली. तोच दाब, तीच ऊब. ती तपासत होती आणि तिच्या कपाळावर आठी पडली. ती घाईत असली की मालवणीवर जायची. "भिया नको गो बाय, मी आसंय," म्हणाली. "आता मी सांगेन तेव्हाच जोर लाव. मी थांब म्हटलं की थांबायचं. काय वाटेल ते झालं तरी थांबायचं."

नाळ बाळाच्या गळ्याभोवती होती, दोन वेढे. हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त तिचा आवाज कळत होता. "थांब. थांब म्हटलं ना! श्वास सोड." जोर लावायची अंगाची ओढ आणि थांबायचा तिचा हुकूम, यांच्यामध्ये मी फाटून जात होते. एक वेढा तिने बोटाने सोडवला. दुसरा घट्ट होता. ती पुटपुटत होती, "सरक रे, सरक बाबा," आणि तोही वेढा सुटला तशी एकदम ओरडली, "इला, इला, आता लाव जोर!" आणि मूल बाहेर आलं.

ते रडलं नाही.

मी मान उचलून पाहिलं. मुलगी होती. जांभळाच्या रंगाची, हातपाय लुळे. सुलभाने तिला उलटी धरली, बोटाला फडकं गुंडाळून तोंडातला चिकटा काढला, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. काही नाही. सासूबाईंची प्रार्थना थांबली होती. मागच्या विहिरीवर रहाट करकरत होता, तेवढाच आवाज. सुलभाने बाळाला माझ्या पायांपाशी फडक्यावर ठेवलं, खाली वाकली, आणि वाकता वाकता थबकली. माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदाच तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"तोंड लावून फुंकर घालावी लागेल," ती म्हणाली. "घालू?"

किती वेळ गेला असेल? एक क्षण, फार तर दोन. पण त्या क्षणात मी माझं सगळं पाप एकदम पाहिलं, जसं खिडकी उघडल्यावर खोलीतला पसारा दिसावा. एका गुदमरणाऱ्या बाळाला श्वास द्यायला या बाईला परवानगी मागावी लागत होती, आणि ती वेळ तिच्यावर मी आणली होती. तिच्या रोगाने नव्हे, माझ्या जिभेने. मला भीती वाटली नाही असं मी म्हणणार नाही. तेवढ्यातही कुठेतरी ती जुनी भीती वळवळलीच. पण माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं. मूल माझं नव्हतं, आयुष्य माझं नव्हतं, चांगुलपणा तर नव्हताच. मी मनात म्हटलं, प्रभू, घे सगळं. आणि मोठ्याने ओरडले, "घाल! सुलभा, विचारू नको गं, घाल!"

तिने बाळाच्या नाकातोंडावर आपलं तोंड ठेवलं आणि गालांतल्या हवेचीच हलकी फुंकर घातली. छाती एवढीशी वर आली. पुन्हा फुंकर. पुन्हा. मी मोजत नव्हते. सासूबाईंनी माझा हात इतका आवळला होता की नखं रुतली. मग बाळाला एक उचकी लागली. मग कोंबडीच्या पिल्लासारखा एक बारीक आवाज आला. आणि मग मुलगी रडली, अशी रडली की बाहेर फ्रान्सिसच्या बायकोनेही रडायला सुरुवात केली.

ॲम्ब्युलन्स आली ती पाचच्या पुढे. डॉक्टरांनी बाळाला आणि मला तपासलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?" सुलभा तेव्हा मागे मोरीत माझी लुगडी धूत होती. मी तिला हाक मारली. ती हात पुसत आली तेव्हा मी रडत म्हटलं, "प्रसूतिगृहात मीच सांगितलं होतं गं. तुझी नोकरी मी घालवली."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "तिथल्या आयाबाईने त्याच दिवशी सांगितलं."

"तरी आलीस?"

"राग होता. अजून आहे, खोटं कशाला बोलू? पण तुझे महिने मी बोटांवर मोजत होते. ते मोजणं काही थांबवता येईना. सकाळी बंदचं कळलं आणि म्हटलं, आजच काही झालं तर ही कुठे जाणार? म्हणून कारखान्यांच्या मागून चालत आले. दारात आल्यावर मात्र पाय पुढे पडेना."

पंधरवड्याने अंगात थोडी ताकद आल्यावर मी फादरांपुढे गुडघे टेकले आणि पापांची कबुली दिली, पहिल्यांदा खरी. प्रायश्चित्त म्हणून एवढ्या प्रार्थना म्हण असं ते सांगतील वाटलं होतं. ते म्हणाले, "त्या बाईच्या घरी जा आणि ती वाढेल ते जेवून ये. मग देवाला काय सांगायचं ते सांग."

सुलभाला तिची जुनी नोकरी काही परत मिळाली नाही. सासूबाई डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन स्वतः गेल्या होत्या, पण त्यांना बाहेरच्या बाकावरूनच परत पाठवलं. सगळं असं सरळ होत नाही. पुढे औषधांचा कोर्स संपला, ती पूर्ण बरी झाली, आणि गावठाणातल्या बायकाच तिला बोलवायला लागल्या. आमची मागची खोली सासूबाईंनी धुऊन, चुना लावून ठेवली होती. तिथे परत यायला मात्र तिने वर्ष घेतलं, आणि ते वर्ष घ्यायचा तिला हक्क होता.

फादरांनी सांगितल्याप्रमाणे मी टेकडीवर गेले ती कबुलीनंतरच्याच रविवारी, मिस्सा संपल्यावर, मुलीला कुशीत घेऊन. एवढीशी झोपडी, पण सारवलेली, लखलखीत. मी येणार हे तिला ठाऊक नव्हतं. तिने दोन जणींना पुरेल की नाही ते पाहिलं, भात आणि बांगड्याचं तिखलं वाढलं आणि स्वतःचं ताट न घेता समोर बसली. ती माझ्या हाताकडे पाहत होती. पहिला घास मी तोंडात घालीपर्यंत तिने श्वास रोखून धरला होता. मी जेवले. भात संपला तेव्हा ताट पुढे केलं आणि म्हटलं, "अजून वाढ गं."

तिने वाढला. वाढताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने खांद्याला पुसलं, आणि मग आपलंही ताट मांडून माझ्या शेजारी बसली. मुलगी दोघींच्या मध्ये झोपली होती. प्रार्थनेचा एकही शब्द मी त्या दुपारी उच्चारला नाही, पण देव ऐकतो आहे याची इतकी खात्री मला त्याआधी वेदीसमोरसुद्धा कधी वाटली नव्हती. आपण सगळं सोडून दिलं की तो येतो, असं मी ऐकत आले होते. तो आधीच आलेला असतो आणि दारात उभा असतो. आपण आत ये म्हणायचं तेवढं बाकी असतं.