जिभेवरचा कोळसा

देसाईबाई बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे नव्हे, तोंडाकडे बघत. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरात एम.ए.ला भाषाविज्ञानाच्या पहिल्याच तासाला मी नाव सांगितलं, तर त्या माझ्या ओठांवर टक लावून बसल्या. वाटलं, वडगावची पोरगी कशी बोलते ते टिपून घेताहेत, मागाहून हसायला. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. तोंड उघडायचीच धास्ती.

त्यांचा स्वतःच्या कानांवरही विश्वास नसे. "कान खोटं बोलतात. त्यांना हवं तेच ऐकतात. पुरावा दाखव," असं म्हणत. पुराव्यासाठी त्या आमच्या जिभेला तेलात खललेली कोळशाची पूड लावत. मग एकच अक्षर म्हणायचं आणि आरशासमोर आ करायचा. जीभ जिथं टेकली तिथं काळा ठसा: 'ल'चा वरच्या दातांमागे, 'ळ'चा पार वर, टाळूच्या घुमटात.

काळी जीभ घेऊन घरी गेले आणि आई कडाडली, "कोण ही बाई जिभंला काळं फासती? करणी हाय ही! उद्यापास्नं कॉलेज बंद." लगेच स्थळांची बोलणीही निघाली.

आठवड्यानं बाई एसटीनं आमच्या दारात आल्या. आईनं पाणी दिलं, पण आत या म्हणाली नाही. मी का येत नाही ते कळल्यावर बाईंनी पिशवीतून कोळशाची डबी काढली.

"आधी तुमी लावा," आई म्हणाली.

बाईंनी मुकाट्यानं जीभ रंगवली, 'ळ' म्हटला आणि आ वासला. आईनं बॅटरी मारून आत पाहिलं.

"आन् मंतर कुठला म्हटला?"

"मंत्र एवढाच. 'ळ'."

"आता मला लावा."

आईनं आरशात स्वतःचा ठसा बराच वेळ निरखला. "जागा तीच की!"

"तीच."

"मग हिच्या बोलण्याला कोण हसलं तर?"

"त्याला माझ्याकडे आणा. त्याचंही तोंड उघडून बघू."

आई पहिल्यांदा हसली. "जाऊ दे पोरगी. पर मी मधनंमधनं बघाय येणार हाय."

मी प्राध्यापक झाले. पुढं बाईंना पक्षाघात झाला, वाचा गेली. भेटायला गेले तेव्हा त्या माझ्या ओठांकडेच बघत होत्या. मी दोन्ही ओठ घट्ट मिटून सावकाश 'प' म्हटला. त्यांनी प्रयत्न केला; नुसती हवा आली.

"आला की, बाई!" मी म्हटलं.

त्यांनी संशयानं माझ्याकडे पाहिलं आणि चांगला हात आरशासाठी पुढं केला. मी आरसा धरला. त्यात बघत त्यांनी 'प'साठी ओठ मिटले; एका बाजूनं ते उघडेच राहिले. माझी खोटी शाबासकी पकडली गेली होती. बाईंनी बोट वर करून खूण केली.

पुन्हा.