किनाऱ्यावर मोठी भरती

आपल्याकडे काही माणसं मेसेज वाचतच नाहीत, नुसते पुढे ढकलतात! नाव घेत नाही. पण ज्या कुणी माझ्या मेसेजच्या डोक्यावर 'अर्जंट' चिकटवलं, त्याला दिवेआगरच्या वाळूत गळ्यापर्यंत पुरावं, असं मला त्या सकाळी वाटलं होतं.

थांबा, चहा घ्या आधी. फजिती माझीच आहे, सगळी सांगते.

मी बोर्ली पंचतनजवळ हायस्कूलला भूगोल शिकवते. पुस्तक उघडलं की पोरं जांभया देतात, मोबाईल उघडला की ताजीतवानी! मग मोबाईलवरच शिकवू की! नववीचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. फोन अर्थात आईबापांचे. मुख्याध्यापकांचं तोंड वाकडं.

"मॅडम, एक तक्रार आली की ग्रुप बंद. फळा आहे, खडू आहे, त्यावर भागवा."

मी ऐकते होय? दुसऱ्याच दिवशी झकास मेसेज टाकला: 'उद्या भरती! सकाळी आठला दिवेआगर किनाऱ्यावर हजर राहा. हाफ पँट चालेल. मोजमाप जागेवरच होईल. ओळखपत्र सक्तीचे. उशीर केलात तर संधी हुकेल!'

सांगा, काय चुकलं यात? भिजायचं म्हणून हाफ पँट. पाणी किती चढतं त्याचं मोजमाप. ओळखपत्र शाळेचं!

मेसेज निघाला तो भावकीच्या ग्रुपवर, तिथून क्रिकेटच्या, तिथून मंडळाच्या. वाटेत कुणीतरी वर 'अर्जंट' चिकटवलं, कुणीतरी 'पोलीस' जोडलं. पुढे कुणीतरी 'महिलांना प्राधान्य'!

सकाळी किनाऱ्यावर पोहोचते तर काय, जत्रा! हाफ पँटीतले दांडगे तरुण, काखेत फायली. कुणी जोर काढतोय, कुणी धावतोय. माझी नववी सुरूच्या झाडांखाली भेदरून उभी. एक मावशी लेकीला ओढतच माझ्याकडे आल्या.

"बाय, उंचीला वाईच कमी हाय, पन धावते कशी बघ! घे ना तिला!"

"कशात घेऊ, मावशी?"

"भरतीत! अजून कशात?"

डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तशीच वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीवर चढून ओरडले, "अहो, ही समुद्राची भरती आहे!"

मागून आवाज आला, "म्हंजे नेव्ही?"

"नेव्ही नाही हो! पाणी! पाण्याची भरती!"

"पानी खातं बी चालंल, मॅडम! सरकारी हाय ना?"

तेवढ्यात मुख्याध्यापकांची स्कूटर आली. संपलं! तक्रारी मागायला नकोत, दीडदोनशे जण फायली घेऊन उभे होते. एक जण तर तडतडतच पुढे आला. "मॅडम, कामावर खाडा करून आलोय! चेष्टा हाय काय?"

मीही इरेला पेटले. "तुम्ही इथेच धावायचा सराव करता ना? मग एका सकाळी मोकळी असलेली वाळू आठवड्याने त्याच वेळी पाण्याखाली का जाते? नोकरी माझ्या हातात नाही. उत्तर आहे. थांबता?"

थांबले! ओल्या वाळूत ओळीने काठ्या रोवल्या. एकेका काठीला एक उमेदवार आणि नववीतलं एक पोर. पाणी चढू लागलं आणि कबड्डीच्या मैदानासारखा गलका! "बाई, आमची बुडाली!" "आमची अजून हाय!" चंद्र रोज पाऊणएक तास उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज तेवढीच उशिरा येते आणि आठवड्यात ओहोटीच्या वेळेला भरती येऊन बसते, हे मी सांगितलं तेव्हा एकानेही जांभई दिली नाही. मगाचा तो तडतडणारा फायलीच्या पाठीवर सरावाच्या वेळा मांडत बसला. आणि मुख्याध्यापक? पँट गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः मोजमापाची दोरी धरून पाण्यात!

"ग्रुप चालू ठेवा, मॅडम," ते म्हणाले. "आणि मलाही घ्या त्यात."

जिंकले की नाही? ताठ मानेने शहाळं प्यायला गेले. शहाळेवाल्याने कोयता थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, ओहोटीचा मेसेज तेवढा टाकू नका हां. लोकांना वाटंल, कामावरून काढतायत!"