रिव्हर्स न टाकता लोहाऱ्यापर्यंत

बॅटऱ्या आता फार दिवस टिकणार नाहीत असं मेकॅनिक म्हणाला, तेव्हाच मी ठरवलं, येत्या रविवारी गाडी घेऊन लोहाऱ्याला जायचं. लोहाऱ्याजवळच्या आमच्या गावात माझ्या सासूबाई राहतात, मी त्यांना आत्याबाई म्हणते. ही गाडी त्यांच्या लेकानं बनवली आणि त्यांनी ती एकदाही पाहिलेली नाही.

गाडीबद्दल आधी सांगते. माझा नवरा बालाजी धाराशिवला पाण्याच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचा, म्हणजे त्यात नवी तांब्याची तार गुंडाळायचा. मी तुळजापूरला एका लॉजचे हिशेब बघते, रोजची ये-जा. त्या ये-जेसाठी त्यानं भंगारात निघालेली छोटी पेट्रोल गाडी आणली, घरामागच्या पत्र्याखाली तिचं इंजिन उतरवलं आणि विजेची मोटार बसवली. त्याहून जास्त घाम परवानगीच्या कागदांसाठी गाळला. पेट्रोलच्या मानानं वीजबिल अगदीच किरकोळ यायचं. वाचलेले पैसे आम्ही कोकणात समुद्र बघायला जायचं म्हणून बाजूला टाकायचो. ते सगळे सोलापूरच्या दवाखान्यात गेले, आणि बालाजीही तिथंच गेला. त्याला आता वर्ष होईल.

या गाडीला आवाज नाही. मागं घेताना गल्लीतली पोरं जागची हलायची नाहीत. बाजारातला रिव्हर्स हॉर्न बालाजीला कर्कश वाटायचा, म्हणून त्यानं स्वतःचाच आवाज भरून मागं एक छोटा स्पीकर लावला. रिव्हर्स टाकला की तो बोलतो, "सरका बरं, गाडी मागं येतीय." तो गेल्यापासून मी रिव्हर्स टाकलेला नाही. वळसा घेता येईल तिथंच गाडी लावते, मग पुढं कितीही चालावं लागो. लॉजचा वॉचमन सगळ्यांना सांगतो की ताईंना रिव्हर्स येत नाही. सांगू दे. स्पीकरची तार काढून टाक असं माझा भाऊ म्हणाला होता, तेही मला जमलं नाही.

तर रविवारी सकाळी धाराशिवचे गुलाबजाम डब्यात घेतले आणि निघाले. तुळजापूरपर्यंतचा रस्ता गाडीला तोंडपाठ आहे. लॉजवर गाडी चार्जिंगला लावून मी देवीचं बाहेरूनच दर्शन घेतलं. आत जायचं मन झालं नाही, देवीवर अजून थोडा राग आहे.

पुढचा मुक्काम नळदुर्ग. अशा गाडीनं जाणार असाल तर स्वतःची लांब, जाड वायर सोबत ठेवा आणि पिठाची गिरणी शोधा. गिरणीत दमदार लाइन असते आणि दुपारी गिऱ्हाईक नसतं. मी रशीदभाईंच्या गिरणीवर थांबले, बालाजीचं तिथं जाणं-येणं होतं. गाडी भरेपर्यंत किल्ला बघून आले, हॉटेलात चुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ला. बरा होता, शेंगदाणे कमी. निघताना पैसे पुढं केले तर रशीदभाईंनी हात मागं घेतला.

"गिरणीची मोटार त्यानंच भरल्याली हाय, भाभी. तिच्या लाइनीचे पैसे कसले घेऊ?"

महामार्ग सोडून लोहाऱ्याकडं वळलं की रस्ता अरुंद होतो, खड्डेही वाढतात. दोन्ही बाजूंना सोयाबीन होतं. आत्याबाईंना त्या आवाजाचं सांगावं की नाही, एवढंच वाटभर डोक्यात होतं. तयारीशिवाय लेकाचा आवाज कानावर पडला तर त्या म्हाताऱ्या जिवाचं काय होईल, याची मला भीती वाटत होती. म्हणून बेत असा की गाडी मारुतीच्या पारापाशी मोकळ्या जागेत लावायची आणि घरापर्यंत चालत जायचं.

पण आत्याबाई पारावरच बसून होत्या. त्यांनी गाडीला हात लावला, पदरानं काच पुसली आणि दार उघडून आत बसल्या.

"दारापर्यंत घे," त्या म्हणाल्या. "लेकाची गाडी दारात यावी का न्हाय?"

आमची गल्ली बोळवजा, पुढं बंद. मी गाडी आत घातली. संध्याकाळी भाकरी, पिठलं आणि ठेचा झाला. प्रत्येक घासाला आवाजाचं सांगायचं म्हणत होते आणि दर वेळी पुढचा घास घेत होते.

सोमवारी सकाळी शेवटचा उपाय म्हणून मी गाडी न्यूट्रलला टाकून स्वतःच मागं ढकलू लागले. आत्याबाई बघत राहिल्या. ढकलत न्यायला इतक्या लांबून आलीस का, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना आत जाऊन बसा म्हटलं. त्या कशाला जातील? आमच्याकडं माणूस निघालं की नजरेआड होईस्तोवर वाटेवर उभं राहायचं असतं. त्या बोळाच्या मधोमध, गाडीच्या बरोबर मागं उभ्या राहिल्या. गाडी चढावर अडली होती. मी आत बसले आणि रिव्हर्स टाकला.

"सरका बरं, गाडी मागं येतीय."

माझा पाय ब्रेकवरच राहिला. आरशात आत्याबाई दिसत होत्या. त्या दचकल्या नाहीत. पदर सावरून भिंतीला लागल्या.

"सरकले रे," त्या म्हणाल्या. "ये."

मला समोरचं काही दिसेना. त्या खिडकीपाशी आल्या, माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या की पुन्हा एकदा पुढं घे आणि माघारी ये. मी घेतली. मग परत घेतली. दर वेळी तो सांगत होता आणि दर वेळी त्या सरकत होत्या.

परतीला नळदुर्गजवळच बॅटऱ्यांनी मान टाकली. रशीदभाईंनी टेम्पोमागं बांधून गाडी धाराशिवला आणून सोडली. आता वाचणारे पैसे नव्या बॅटऱ्यांचे हप्ते भरण्यात जातात. समुद्र राहिला, आणि एकटीनं तो बघायचाही नाही. मेकॅनिकला बजावलं, सगळं बदल, फक्त मागच्या त्या स्पीकरला हात लावू नकोस.

मधूनमधून संध्याकाळी आत्याबाईंचा फोन येतो. गाडी चालते का नीट, एवढंच विचारतात. मग मी गाडीत जाऊन बसते, फोन खिडकीबाहेर धरते आणि रिव्हर्स टाकते. पलीकडून "सरकले रे" ऐकू येतं, आणि फोन बंद होतो.