कोळशाच्या पस्तीस रेघा

बदकं आली तेव्हा मी खुराड्याच्या दारामागे एक कागद खिळ्याला अडकवला होता. अंगणवाडीत काम करायचे, त्यामुळे रजिस्टर, रकाने, यादी याशिवाय माझं घरातलंही पान हलत नसे. कागदावर लिहिलं होतं : कोंबड्यांचं पाणी उंचावर, विटांवर. बदकांचं पाणी खाली, पसरट पातेल्यात. कोंबड्या दांडीवर झोपणार, बदकं खाली तुसावर. तूस तिसऱ्या दिवशी बदलणे. बदकांचा नर कोंबड्यांच्या मागे लागला तर त्याला पाटीखाली झाकणे.

शेवटच्या नियमाला दोनच दिवसांत 'संध्याकाळपर्यंत' हा शब्द जोडावा लागला.

ही बदकं मुरबाडकडच्या माझ्या वहिनीने दिली होती. एक नर, एक मादी. डोळ्यांभोवती लाल खरबरीत चामडी, अंगाने थोराड, आणि आवाज नाही. रागावली की फुसफुसायची, खूश झाली की शेपूट हलवायची. आमच्या किन्हवलीत एस.टी.तून पिशवी घेऊन उतरले तेव्हाच कंडक्टर म्हणाला होता, "ताई, पिशवीत नाग आहे का?"

शेजारच्या काकींना ती मुळीच पसंत नव्हती. कुंपणाला टेकून त्या बघत राहायच्या.

"बाय, ही बोलत का नाय गो?"

"जात तशी आहे काकी."

"मुकी जनावरं, आन् तोंडाला देवी आल्यासारखी. खाणार कोन यांना?"

खाण्याचा प्रश्न नव्हता. पहिल्या वर्षी मादीने जागा बदलत बदलत अंडी घातली आणि आम्ही ती खाल्ली. दुसऱ्या वर्षी, भातकापणी उरकल्यावर, तिने लाकडांच्या ढिगामागे घरटं केलं आणि त्यात नऊ अंडी साठवली. आता बसणार, अशा बेतात असताना एका दुपारी कुत्र्याने तिला धरलं. मी अंगणवाडीतून आले तेव्हा अंगणात पिसं होती आणि नर पातेल्याशेजारी उभा होता. फुसफुसतही नव्हता.

वहिनीकडची बाकीची बदकं त्या पावसाळ्यात रोगाने गेली होती. म्हणजे नवी मादी मिळणार नव्हती. या नऊ अंड्यांतून काही निघालं तर निघालं, नाहीतर हा नर एकटा.

माझ्या कोंबड्यांत तेव्हा एकही खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली, नव्हती. काकींची होती. तपकिरी, एका डोळ्याने अधू, पण अख्ख्या आळीत तिच्यासारखी बसणारी दुसरी नव्हती. काकी तिला शेजारपाजारी अर्धेलीने द्यायच्या : अंडी तुमची, कोंबडी त्यांची, निघतील ती पिल्लं निम्मी निम्मी. मी विचारलं, तेव्हा त्यांनी नाक मुरडलं आणि कोंबडी आणून दिली.

"मुक्या पिल्लांचा निम्मा वाटा घेऊन मी काय करू? पन बसव."

टोपलीत पेंढा, त्यावर अंडी, त्यावर कोंबडी. काकींच्या पद्धतीप्रमाणे खुराड्याशेजारच्या भिंतीवर रोज सकाळी कोळशाची एक रेघ. माझ्या कागदावर मी लिहिलं : एकवीस दिवस. कुणाला विचारलं नाही. कोंबडी बसली म्हणजे एकवीस दिवस, हे कुणाला विचारायचं?

एकविसावी रेघ झाली. अंड्यांना चीरही नाही. बाविसाव्या दिवशी काकी घमेल्यात कोमट पाणी घेऊन आल्या. आमच्याकडे हीच परीक्षा : अंडं पाण्यात सोडायचं, आत जीव असेल तर ते डुलतं. नऊ अंडी पाण्यात सोडली. तरंगली, पण डुललं एकही नाही.

"गेली सगली," काकी म्हणाल्या. "उगीच माझ्या कोंबडीचा पिट्टा पाडलास. एकवीस दिसांत निघत नाय ते काय निघनार? तुजं बदक काय हत्तीन हाय?"

मला खात्री करायची होती. काकींनाही. त्यांनी एक अंडं दगडावर टिचवलं.

आत पिल्लू होतं. अर्धवट, ओलं, डोळे मिटलेलं. एक पाय हलला, परत हलला, मग थांबला.

काकी घमेल्याकडे वळल्या. पदराने हात पुसला, उरलेली आठ अंडी कोरडी केली आणि आपल्याच हाताने कोंबडीखाली सरकवली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी सरळगावमार्गे मुरबाडची एस.टी. धरली. वहिनी अंगणात वाल सोलत होती. मी उभ्याउभ्याच विचारलं. ती हसायलाच लागली.

"अहो वन्सं, या बदकांना पस्तीस दिवस लागतात! एवढं लिहून ठेवता सगळं, आणि हे विचारलं नाहीत?"

परत येऊन काकींना सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजलं आणि ओसरीवर बसल्या.

"म्हंजे आनकी बारा दिस? कोंबडी मरंल माझी."

खरं होतं. खुडूक कोंबडी खाण्यासाठीही धड उठत नाही, आधीच तिच्या छातीचं हाड हाताला लागत होतं.

"काही झालं तर माझ्यातल्या दोन घ्या," मी म्हटलं.

"तुझ्या दोन नकोत. मला हीच पायजे."

पण कोंबडी न्यायला मात्र आल्या नाहीत. मी नवा कागद केला. सकाळ-संध्याकाळ कोंबडी उचलून बाहेर काढणे. कण्या, शिजवलेली डाळ, पाणी. पंधरा मिनिटं. तोवर अंड्यांवर गोणपाट. काकी तो कागद वाचू शकत नव्हत्या, पण दोन्ही वेळेला मी पोचायच्या आत कोंबडी त्यांच्या मांडीवर असायची. मी भरवायला गेले की म्हणायच्या, "सरक, तिला तुझ्या हाताची सवय हाय कुठं?" भिंतीवरच्या रेघाही त्याच ओढू लागल्या. नर थोड्या अंतरावर उभा राहून सांडलेल्या कण्या टिपायचा आणि काकी त्याला हाकलायच्या नाहीत.

तिसाव्या रेघेनंतर पुन्हा घमेलं काढायचं माझ्या मनात आलं होतं. काकींनी डोळे वटारले, तो विषय तिथेच संपला.

पस्तिसाव्या दिवशी सकाळी टोपलीतून बारीक आवाज आला. संध्याकाळपर्यंत पाच पिल्लं बाहेर आली, पिवळी-काळी. तीन अंडी तशीच राहिली. कोंबडी हातात कावळ्याएवढी हलकी लागत होती, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठली, पिल्लांना घेऊन अंगणात आली आणि कण्या उकरायला लागली. पिल्लांनी कण्यांकडे पाहिलंही नाही. ती सरळ नराच्या पातेल्यात शिरली. कोंबडी काठावरून ओरडत गोल गोल फिरत होती. काकी इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

पिल्लं महिन्याची झाल्यावर मी वाटणीचं काढलं. "पाच आहेत. तुम्ही तीन घ्या, कोंबडी तुमची होती."

"सहा हायेत," काकी म्हणाल्या.

मी पिल्लांकडे पाहिलं.

"सहा धर. तीन तुझी, तीन माझी. माझ्यातलं एक माझ्या हातानं गेलं. मला दोन दे."

त्यांनी स्वतः दोन निवडली, दोन्ही माद्या. कोंबडी एका काखेत, पिल्लांची पाटी दुसऱ्या हातात, अशा घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दार उघडलं, तर कुंपणाच्या भोकातून कोंबडी पुढे आणि तिच्या मागे दोन्ही पिल्लं, रांगेने, नराच्या पातेल्याकडे चालली होती. कुंपणापलीकडून काकींचा आवाज आला.

"बाय, आमची आली का गो तिकडं? आसू दे. पानी भर त्यांना."